लेणे आणि घळ

मराठीत डोंगराच्या पोटातल्या पोकळीला दोन जुने शब्द आहेत, लेणे आणि घळ. लेणे माणसाने कोरलेले असते. अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे ही नावे घेताच छिन्नी, स्तंभ, चैत्यकमान डोळ्यांपुढे येतात आणि डोंगर कोरणाऱ्या हातांचे कौतुक वाटते. घळ पाण्याने केलेली असते. शिवथरची घळ बहुतेकांना दासबोधामुळे ठाऊक आहे, पण तिथे पावसाळ्यात गेलेल्यांच्या मनात आधी राहतो तो तिच्या तोंडावरून कोसळणारा धबधबा. लेण्यात पाणी शिरले तर ती अडचण असते. घळीतून पाणी वजा केले तर सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही. चुनखडीच्या गुहांची छायाचित्रे पाहताना हा भेद मला पुनःपुन्हा आठवतो. या गुहा जातीने घळी आहेत. बारीक पाण्याने, फार सावकाश केलेल्या, पण घळीच. फोटो मात्र त्यांचे लेण्यांसारखे काढले जातात. छताचे झुंबर, खांब, देवादिकांच्या आकृतींचा भास होणारे दगड, सगळे कोरडे, स्थिर, दालन सजवल्यासारखे. ज्या ओढ्याने हे केले तो चौकटीच्या बाहेर राहतो. गुहा आणि ओढा हा एकच छायाचित्र-विषय आहे, ते वेगळे केले की दोन्हींबद्दल खोटे सांगितले जाते, एवढेच इथे मांडायचे आहे.

भोपाळमध्ये बसून या विषयावर लिहिणे थोडे विचित्र वाटेल, कारण आमच्या भोवतीचा दगड चुनखडीचा नाही. भीमबेटका आणि पचमढी दोन्हीकडे वालुकाश्म. विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ साली भीमबेटक्याचे चित्रशैलाश्रय जगापुढे आणले, २००३ मध्ये ते जागतिक वारशात गेले, आणि मध्य भारतातली गुहा म्हणजे उन्हात उघडी असलेली, भिंतीवर लाल-पांढरी चित्रे असलेली कपार, हे समीकरण पक्के झाले. वाकणकर मराठी होते, चित्रकार होते आणि त्यांचे काम मोठेच आहे. पण त्या कपारींत दिवसाचा प्रकाश पोचतो. तिथले छायाचित्रण हे उजेड-सावलीचे, म्हणजे ओळखीचे काम आहे. खरा अंधार हवा असेल तर ईशान्येला चित्रकूटजवळच्या गुप्त गोदावरीकडे, नाहीतर आग्नेयेला बस्तरमधल्या कांगेर घाटीकडे जावे लागते. बस्तर १ नोव्हेंबर २००० पर्यंत मध्य प्रदेशातच होते, तेव्हा त्याही गुहांचा कारभार या शहरातूनच चालत असे. वाटेत जबलपूरजवळ भेडाघाट आहे. तिथे गुहा नव्हे, तर उघड्या आकाशाखालची नर्मदेची घळई आहे, पण दगडाचे कूळ तेच. संगमरवर म्हणजे उष्णतेने आणि दाबाने पुन्हा स्फटिक झालेली चुनखडीच.

पाण्याशिवाय ही गुहा का समजत नाही, याचा पुरावा शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, हे सातवी-आठवीत सगळ्यांनी पाहिलेले असते. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे विरघळलेला चुना कॅल्शियम कार्बोनेट होऊन बाहेर पडतो, म्हणजे परीक्षानळीत चिमूटभर चुनखडी तयार होते. प्रयोग बहुधा इथेच थांबवला जातो, आणि ते दुर्दैव आहे. कारण फुंकतच राहिले तर ते दूध हळूहळू निवळते. जास्तीचा वायू पाण्यात मिसळून सौम्य आम्ल होते आणि तेच कार्बोनेट पुन्हा विरघळवते. आता ती नळी तापवली की वायू उडून जातो आणि पाणी परत गढूळ होते. गुहेची सारी गोष्ट या तीन पायऱ्यांत आहे. पावसाचे पाणी जंगलातल्या मातीतून झिरपते. मुळे आणि जिवाणू यांच्यामुळे त्या मातीत कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा कितीतरी पट जास्त असतो, तो घेऊन पाणी खालच्या भेगांमधली चुनखडी खात जाते. मग एखाद्या छतापाशी ते मोकळ्या हवेत येते, वायू सोडते आणि सोबत आणलेल्या चुन्याचा कणभर थर तिथे ठेवून खाली पडते. असा थर वर्षाला साधारणपणे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, बहुधा त्याहूनही कमी वाढतो. बोटभर झुंबराच्या टोकाशी लोंबणारा थेंब म्हणजे चालू असलेले काम आहे आणि झुंबर म्हणजे त्या कामाची मागे राहिलेली नोंद. आपण त्यांना लवणस्तंभ म्हणतो. शब्द देखणा आहे, पण फसवा. मीठ म्हटले की सुकणे आठवते, आणि इथे पाणी आटल्यामुळे नव्हे, तर पाण्यातला वायू निघून गेल्यामुळे दगड घडतो. बहुतेक गुहांत हवा इतकी दमट असते की आटायला फारशी जागाच नसते.

मग छायाचित्रकारांनी पाणी गाळले कसे? याचे कारण आवडीनिवडीत कमी आणि यंत्राच्या इतिहासात जास्त आहे. जमिनीखाली कृत्रिम प्रकाशात काढलेली गाजलेली पहिली छायाचित्रे फ्रेंच छायाचित्रकार नादारची. १८६१ च्या सुमारास त्याने पॅरिसच्या भुयारी अस्थिगृहांत बॅटरीवर चालणारे विजेचे दिवे नेले. ही भुयारे मुळात चुनखडीच्या जुन्या खाणी, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा. एका काचेच्या निगेटिव्हला अठरा-अठरा मिनिटे प्रकाश द्यावा लागे. इतका वेळ जिवंत माणूस निश्चल उभा राहणार नाही, म्हणून नादारने कामगारांच्या जागी कपडे घातलेले पुतळे उभे केले. १८६५ मध्ये अल्फ्रेड ब्रदर्सने इंग्लंडच्या डर्बीशरमधल्या ब्लू जॉन गुहेत मॅग्नेशियम जाळून फोटो घेतला, पुढच्याच वर्षी चार्ल्स वाल्डॅकने अमेरिकेतल्या मॅमथ गुहेत तेच केले. मॅग्नेशियमचा उजेड लख्ख, पण धूर दाट, आणि ओल्या काचेची घाई वेगळीच. या सर्व प्रयोगांत जे हलत नाही तेच टिकले. माणूस पुतळा झाला, ओढ्याचा धुरकट पट्टा झाला, वटवाघळे तर अजिबात उमटलीच नाहीत. गुहा म्हणजे निश्चल दगडांचे दालन, ही कल्पना निसर्गाने दिलेली नाही. ती संथ काचेने दिली. काच केव्हाच गेली, आजचा साधा कॅमेरासुद्धा बॅटरीच्या उजेडात पडणारा थेंब पकडतो, पण नजर अजून १८६१ मध्येच अडकलेली आहे.

गुप्त गोदावरीत हे फार स्पष्ट दिसते. सतना जिल्ह्यात, चित्रकूटपासून थोड्या अंतरावर दोन गुहा आहेत. एक रुंद, दुसरी चिंचोळी आणि पाण्याने भरलेली. दुसरीत भाविक गुडघाभर प्रवाहातून चालतात. आत राम-लक्ष्मणांची आसने मानली जातात. ओढा बाहेर येतो, कुंडात पडतो आणि पुढे जमिनीत नाहीसा होतो. चुनखडीच्या प्रदेशात ओढ्याने असे दिसेनासे होणे ही रोजची गोष्ट आहे, पण लोकांनी तिला नाव दिले ते गोदावरीचे. नाशिकची, पंचवटीची गोदावरी वनवासातल्या रामासाठी गुप्तपणे इथवर आली, अशी कथा सांगतात. ब्रह्मगिरीवर उगम पावून लगेच लपणारी आणि गंगाद्वार, कुशावर्त असे मुक्काम करीत पुन्हा प्रकटणारी गोदा मराठी माणसाला परकी नाही, म्हणून ही कथा आपल्याला चटकन पटतेही. भूगोलाच्या दृष्टीने दोन्ही नद्यांचा काही संबंध नाही. तरीही नाव ठेवणाऱ्यांना छायाचित्रकारांपेक्षा अधिक कळले होते असे मला वाटते. त्यांनी या जागेला गुहेचे नाव दिलेच नाही, नदीचे दिले. आजचे फोटो पाहिले तर नदी शोधावी लागते. रंगीत दिव्यांनी उजळलेले छत मात्र सगळीकडे.

बस्तरच्या कुटुमसर गुहेत हाच मुद्दा दुसऱ्या वाटेने पुढे येतो. कांगेर घाटीचे राष्ट्रीय उद्यान १९८२ मध्ये झाले. त्याच्या तीन दशके आधी, १९५१ साली, डॉ. शंकर तिवारी यांनी या गुहेचा पद्धतशीर शोध घेतला होता. आतल्या डबक्यांत एक बोटभर मासा राहतो. रंग उडालेला, डोळे बारीक, काहींचे तर नसल्यातच जमा. शास्त्रज्ञांनी तो ज्या जातीत गणला, तिचे वर्णन फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये पुण्याच्या माशांवरून केले होते. म्हणजे पुण्याच्या ओढ्यांत उजेडात पोहणाऱ्या माशाचेच भाऊबंद इथे अंधारात राहून फिके झाले. हे मासे गुहेत कसे पोचले याचे उत्तर दगडात नाही, पुरात आहे. दर पावसाळ्यात कुटुमसरमध्ये पाणी भरते, गुहा पर्यटकांना बंद होते, आणि बाहेरचा पाला, गाळ, किडे, अंडी असे सगळे आत वाहून येते. अंधारात झाड उगवत नाही, त्यामुळे आतल्या साखळीचे अन्न बहुतेक याच पुराने आणलेले असते. हिवाळ्यात कोरड्या वाटेवर तिपाई लावून घेतलेले झुंबराचे चित्र कितीही सुबक असो, ते वर्षाच्या अर्ध्या भागाचे चित्र आहे, आणि तोही कामाचा नव्हे, सुट्टीचा भाग.

याच भागातल्या दंडक गुहेने पाण्याची साक्ष आणखी लांब नेली. तिथल्या एका स्तंभाचे थर तपासून इसवी सन ६०० ते १५०० या नऊशे वर्षांच्या मोसमी पावसाचा आलेख शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. थरांतल्या प्राणवायूच्या जड आणि हलक्या अणूंचे प्रमाण पावसाच्या जोराबरोबर बदलते, हे त्यामागचे सूत्र. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पंधराव्याच्या मध्यापर्यंत पाऊस अनेकदा रोडावल्याचे त्यात दिसते. महाराष्ट्राच्या स्मृतीत याच काळाला नाव आहे. दुर्गादेवीचा दुष्काळ, १३९६ पासून पुढे वर्षानुवर्षे चाललेला. बखरी आणि लोककथांतून आपल्यापर्यंत आलेले ते हाल बस्तरच्या अंधारात थेंबाथेंबाने नोंदले जात होते. असा स्तंभ पाहताना कोणाला हत्तीची सोंड दिसते, कोणाला शिवाची जटा, आणि मार्गदर्शक बॅटरी फिरवून त्या दाखवतातही. त्यात वाईट काही नाही. पण तो पावसाची वही आहे हे चित्रात यायचे असेल तर निदान टोकाचा थेंब, खाली पडून त्याने केलेला खळगा आणि ओली-कोरडी बाजू दिसेल अशा कोनातून प्रकाश टाकावा लागतो.

यावर पहिला आक्षेप प्रकाशाचाच येतो. गुहेत मुळात उजेड नाही, तेव्हा तिथला प्रत्येक फोटो बनावट. मग खरे-खोटे करता कशाला? आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य आहे आणि निष्कर्ष अमान्य. गुहेला नैसर्गिक रूप नाही हे खरे. कॅल्साइट पांढरे दिसणार की पिवळे, हे दिव्याच्या जातीवर ठरते. पण म्हणूनच जबाबदारी वाढते. उघड्या माळावरचा छायाचित्रकार सूर्याला दोष देऊ शकतो, गुहेतल्याला ती सोय नाही. त्याच्या चित्रातली प्रत्येक सावली त्याने ठेवलेली आहे. उजेड कुठून येतो हे चित्रात कळत असेल, कुठेतरी हातात दिवा घेतलेला माणूस मापासाठी उभा असेल आणि जिथे प्रकाश पोचला नाही तिथे काळोख तसाच सोडला असेल, तर ते चित्र बनावट असूनही प्रामाणिक आहे. हिरवे-जांभळे दिवे लावून चारी बाजूंनी उजळलेल्या दालनाचे चित्र बनावट आहे आणि वर बनावटपणा लपवते. शिवाय कायमचे दिवे चित्रापुरते थांबत नाहीत. त्यांच्याभोवती शेवाळ धरते, आणि जिथे कधी हिरवे काही नव्हते तिथे ते दगडावर चढते.

दुसरा आक्षेप पाण्याच्या चित्रणाबद्दलचा आहे आणि तो जास्त अवघड आहे. पाणी आलेच पाहिजे म्हणता, पण ओढ्याचे फोटो बघा. दोन-चार सेकंद शटर उघडे ठेवून रेशमी, दुधाळ पट्टे केलेले. हे पाणी आहे की पडदा? खरेच, या रेशमाचा मला कंटाळा आला आहे. अशा फोटोंच्या बाजूने एक गोष्ट मात्र म्हणता येते. डोळा वाहते पाणी जसे पाहतो तसे कॅमेऱ्याला कधीच जमत नाही. सेकंदाच्या पाचशेव्या भागात गोठलेले तुषारही डोळ्याला दिसलेले नसतात. तेव्हा निवड सत्य-असत्याची नसून काय दाखवायचे याची आहे. चुनखडीच्या ओढ्यात याचे उत्तर रसायनच देते. पाणी जिथे उसळते, पातळ होऊन पसरते, दगडावर आपटते, तिथे त्यातला वायू झपाट्याने निघून जातो आणि नेमका तिथेच चुना बसतो. ओढ्याने स्वतःच बांधलेले छोटे बांध आणि पायऱ्या अशाच वाढतात. म्हणजे खळखळाट ही शोभा नाही, कारण आहे. तो गुळगुळीत केला की बांध दिसतो आणि बांधणारा नाहीसा होतो. अशा ठिकाणी जलद शटर हवे, आणि संथ डोहावर पोलरायझर लावून तळाचा पांढरा थर उघडा करायला हवा. भेडाघाटातही तसेच. राज कपूरच्या ‘जिस देश में गंगा बहती है’ या १९६० च्या चित्रपटाने त्या कड्यांमधली होडी घरोघरी पोचवली, चांदण्यातली नौकासैर अजून तिथले मोठे आकर्षण आहे, आणि पावसाळ्यात ती बंद असते. पण कडे घासून काढणारी नर्मदा चांदण्यातली नव्हे, ती श्रावण-भाद्रपदातली, लालसर, फुगलेली. तिचा काठावरून घेतलेला फोटो सुंदर नसेल. पांढऱ्या संगमरवराच्या शेजारी तो ठेवला तरच तो संगमरवर समजतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. फोटो गर्दी आणतो आणि गर्दी गुहा मारते. फ्रान्समधली लास्कोची चित्रगुहा आठवावी. १९४० मध्ये सापडली, १९४८ मध्ये लोकांना खुली केली आणि १९६३ मध्ये बंद करावी लागली, कारण हजारो श्वासांनी आणि दिव्यांनी चित्रे बिघडू लागली. ज्या कार्बन डायऑक्साइडने गुहा घडते, त्यानेच ती विटते. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. पण गुप्त गोदावरीला गर्दी फोटोंनी आणलेली नाही, श्रद्धेने आणली आणि ती फार जुनी आहे. दुसरे असे की चुनखडीवर डोळा ठेवणारे पर्यटकांखेरीज इतरही आहेत. सतना-मैहरचा पट्टा असो की चंद्रपूर जिल्ह्यातला गडचांदूर-आवारपूरचा, हा दगड ओळखला जातो तो सिमेंटचा कच्चा माल म्हणून. आमच्या भोपाळच्या तुलसी नगर आणि शिवाजी नगरात जून २०२४ मध्ये मंत्री-आमदारांच्या नव्या घरांसाठी सुमारे २९ हजार झाडे जाणार असे कळले, तेव्हा लोक झाडांना मिठी मारून उभे राहिले आणि योजना मागे घेतली गेली. ते शक्य झाले कारण झाडे रोज डोळ्यांपुढे होती. जमिनीखालच्या पोकळीला असा शेजार नाही. ती गेली तर गेल्याचेही कळणार नाही. तिच्या बाजूने कोणाला उभे करायचे असेल तर आधी ती दाखवावी लागेल. मात्र दाखवणे म्हणजे पत्ता देणे नव्हे. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने सरकारी जमिनीवरच्या महत्त्वाच्या गुहांची ठिकाणे गुप्त ठेवण्याची तरतूद केली. आपल्याकडे छायाचित्रकाराने हे स्वतःहून पाळावे. ज्या गुहा आधीच प्रसिद्ध आहेत त्यांची नावे द्यावीत, बाकीच्यांचा जिल्हा सांगणेही पुरे. झुंबराला हात लावणारा, डबक्यात दिवा बुडवून माशांना कोपऱ्यात कोंडणारा फोटो छापूच नये, कितीही चांगला असला तरी.

माझ्या म्हणण्यात एक अडचण उरते आणि ती मला सोडवता आलेली नाही. गुहेचे खरे काम पुरात चालते असे म्हटले, तर सर्वांत महत्त्वाचे छायाचित्र पुरातले असायला हवे. ऑगस्टमध्ये कुटुमसरच्या आत काय चालते, याचे चित्र तिपाई घेऊन कोणी आणणार नाही, आणि आणू पाहू नये. पण पूर ओसरल्यावर भिंतीवर गाळाची आडवी रेघ राहते, कपारीत काड्या आणि सुकी पाने अडकलेली असतात, डबक्याच्या काठावर ओल्या वाळूत पाण्याच्या लाटांचे ठसे असतात. सजावट पाहायला आलेल्यांना ही घाण वाटते, आणि फोटो घेण्याआधी ती पुसलीही जाते. चौकटीत ती रेघ घ्यावी, तिच्याशेजारी उंचीसाठी माणूस उभा करावा आणि खाली महिना लिहावा. नोव्हेंबर असेल तर रेघ अजून ओली असते.

तुलसी नगर, भोपाळ